फ्रान्समध्ये गाड्या नसलेला सायकलमार्ग हवा आहे (लवकर सांगा)

कृष्णाकाठ
नमस्कार. फ्रान्समध्ये आठ दिवस सायकलने फिरायचं आहे. नदी, खेडी, झाडं, एवढं पुरे. अट एकच, रस्त्यावर गाड्या नकोत. अजिबात. गेल्या वर्षी लॉयर नदीकाठच्या मार्गावर दोन दिवस गेलो होतो. पाट्या सगळ्या सायकलच्या, पण बांधावरच्या रस्त्यावरून मोटारी सुसाट. मुलगी इतकी घाबरली की पुढे चालवायलाच तयार होईना. शनिवारपर्यंत राहायच्या जागा ठरवायच्या आहेत. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, आठवडाभर तेच करतोय.

पंक्चरवाला
कधी? कुठून निघणार? किती जण? मुलगी केवढी? टायर किती रुंद?

कृष्णाकाठ
जुलैत. बाकीच्याने काय फरक पडतो? मार्ग सांगा, आमचं आम्ही बघतो.

पंक्चरवाला
25 मिमी टायर घेऊन झाडांच्या मुळांवर चढलात की फरक पडेल. मग इथेच येऊन मला शिव्या घालाल.

चौकोनी चाक
लॉयरला दुसरी संधी द्या! आम्ही ओर्लेआंहून नांतपर्यंत गेलो होतो. नदीबरोबर खाली, उतारच उतार. वाटेत एकेक राजवाडा बघत बसावं असा. 900 किमीचा मार्ग आहे, दोन दिवसांत काय मत बनवता?

पंक्चरवाला
उतार? त्या नदीचा उतार बघायला गवंड्याची लेव्हल ट्यूब लागेल. वारा मात्र बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो, म्हणजे नांतकडे जाताना थेट तोंडावर. मी उलट गेलो, नांतहून वर. दुपारी झोप येईल इतकं सोपं.

चौकोनी चाक
आम्हाला वारा लागला नाही.

पंक्चरवाला
ई-बाइक होती ना?

चौकोनी चाक
त्याचा इथे काय संबंध?

शुद्धमती
'लॉयर' नव्हे, 'ल्वार'.

दुपारची झोप
लॉयरच बरोबर आहे. काठाने नुसतं चाललं तरी फी लागते.

झुळूक
धागाकर्त्याची अडचण कुणी वाचली का? त्यांना गाड्या नको आहेत. फ्रान्समध्ये 'व्हेलोरूत' म्हणजे नुसता पाट्या लावलेला सायकलमार्ग, त्यात साधे गावरस्तेही येतात. 'व्हुआ व्हेर्त' म्हणजे हिरवी वाट, तिथे मोटारींना बंदी. पायी, सायकलने, काही ठिकाणी घोड्यावरून जाता येतं. ल्वारचा मार्ग पहिल्या प्रकारचा, म्हणून तुमची फसगत झाली. नकाशात लांबच्या मार्गाचं नाव शोधू नका, त्यातले 'व्हुआ व्हेर्त' लिहिलेले तुकडे शोधा. बरेचसे रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याकाठी आहेत. पहिली अशी वाट बरगंडीत 1997 साली झाली, जिव्री ते क्लुनी. ती पुढे माकोंकडे जाते तिथे 1.6 किमीचा बोगदा लागतो, वटवाघळांसाठी हिवाळ्यात बंद ठेवतात. जुलैत उघडा असतो. आत भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

कृष्णाकाठ
@झुळूक, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझा आठवडा वाचला असता. धन्यवाद! पण बोगदा नको. बाबांना अंधारात दिसत नाही.

पंक्चरवाला
बाबा???

कृष्णाकाठ
हो, बाबा आहेत ना बरोबर. मी, बायको, मुलगी (8, स्वतःची सायकल चालवते) आणि बाबा (68). बाबा सांगलीत तीस वर्षं सायकलनेच ऑफिसला गेले, त्यामुळे सवयीचा प्रश्न नाही. आम्ही आइंटहोवनला राहतो, गाडीच्या मागे स्टँड लावून सायकली नेणार.

पंक्चरवाला
म्हणजे गाडी एका टोकाला राहणार आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला. परत कसे येणार? आणि बाबा कुठली सायकल चालवणार?

कृष्णाकाठ
शेजाऱ्यांची डच सायकल देणार आहोत. मागे पेडल मारलं की ब्रेक लागतो ती.

दुपारची झोप
अरे देवा. तीस वर्षं हाताने ब्रेक मारलेला माणूस उताराला सवयीने उलटं पेडल फिरवून बघणार. आधी कॉलनीत चार चकरा मारू द्या.

गरोनकाठ
मी तुलूझला असते. माझं मत कालवा. पण दोन कालवे आहेत आणि लोक नेहमी चुकीचा घेतात. सगळ्यांना 'कनाल द्यु मिदी' हवा असतो, तुलूझ ते सेत, 240 किमी. तुलूझपासूनचे साधारण 50 किमी डांबरी आहेत, झकास. नंतर ओद जिल्हा लागला की मातीची पायवाट, त्यात चिनारांची मुळं उघडी. आठ वर्षांच्या मुलीचे हात दुखून येतील. शिवाय बुरशीच्या रोगामुळे तिकडचे हजारो चिनार तोडावे लागले, 2006 पासून ते चालू आहे, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सावलीही गेली.
त्यापेक्षा तुलूझहून उलट्या दिशेने, गरोनच्या कालव्याने जा. 193 किमी, जवळजवळ सगळा डांबरी, सपाट. मोआसाकचा मठ बघा. आजाँला कालवाच पुलावरून नदी ओलांडतो, 539 मीटरचा पूल, 23 कमानी. खाली नदी आणि वर होडी चाललेली बघून मुलगी खूश होईल.

इतिहासाचे पान
कनाल द्यु मिदीचा विषय निघालाच आहे तर पिएर-पोल रिके यांच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे गृहस्थ मिठाच्या कराची वसुली करणारे. 1666 साली काम सुरू झालं. अटलांटिक आणि भूमध्य सागर जोडायचे तर मधल्या उंचवट्यावर पाणी आणणार कुठून, हा खरा पेच होता. त्यांनी काळ्या डोंगरातले ओढे वळवून धरणात साठवले. स्वतःचा पैसा ओतला, कर्जबाजारी झाले आणि 1680 मध्ये गेले. कालवा सुरू झाला 1681 मध्ये.

शुद्धमती
सुंदर माहिती. धागा राहायच्या जागा ठरवण्याचा आहे.

कृष्णाकाठ
गरोनचं आवडलं. पण आइंटहोवनहून तुलूझ म्हणजे हजार किमीच्या वर गाडी चालवायची. आणि जुलैत ऊन किती?

गरोनकाठ
35 सहज. कधी त्याच्या वर. सावली आहे, पण दुपारी बाहेर पडू नका.

पंक्चरवाला
आता सगळं कळलं म्हणून सांगतो, मायेन नदी. वायव्येला आहे, ऊन कमी, तुम्हाला जवळ. मायेन गावापासून दाओंपर्यंत साधारण 85 किमी पूर्वी होड्या ओढायची वाट होती, तीच आता सायकलची. बारीक खडी दाबून केलेली, टायर 35 मिमीचे पुरतात. नदीवर दर दोन-तीन किलोमीटरला जलपाश (होड्या वर-खाली नेणारी दारांची कुंडी), शेजारी बंधारा आणि पहारेकऱ्याचं टुमदार घर. काही घरांत आता खाण्यापिण्याची सोय आहे.
बेस लाव्हालला करा. एकीकडे मायेन, दुसरीकडे शातो-गोन्तिए, दोन्हीकडे पस्तीसेक किमी. दिवस उरले तर मायेनच्या वर दोंफ्रोंपर्यंत जुन्या रेल्वेची वाट आहे, तीही गाड्यांविना. पण दाओंच्या खाली आँजेकडे जाऊ नका. तिकडे मार्ग गावरस्त्यांवर चढतो, तुमची तीच तक्रार पुन्हा.

झुळूक
मायेनला +1. वाटेच्या तोंडाशी मोटारी येऊ नयेत म्हणून लोखंडी अडसर असतात, तेवढं लक्षात ठेवा. माझ्या दोन्ही बाजूच्या पिशव्या त्यात अशा अडकल्या की सायकल पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी मागून येणाऱ्या आजींनी हसत हसत पिशव्या काढून दिल्या. आणि पाऊस झाला तर त्या बारीक खडीचा पांढरा चिखल चेनला बसतो. जुना टूथब्रश ठेवा.

चौकोनी चाक
सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे हे कुणीच सांगितलं नाही.

गरोनकाठ
सगळ्यांना नाही, 12 वर्षांखालच्यांना. 2017 पासून. मुलीला हवंच.

कृष्णाकाठ
मायेन नक्की. आता जेवणाचं सांगा, बाबा शाकाहारी आहेत आणि मधे एकादशी येते.

पंक्चरवाला
हेही आत्ताच सांगताय.

झुळूक
ब्रिटनी शेजारीच आहे, त्यामुळे 'गालेत' मिळते, कुट्टूच्या पिठाचं धिरडं. नुसतं 'फ्रोमाज' सांगा, म्हणजे फक्त चीज. 'कोंप्लेत' मागवलं तर हॅम आणि अंडं येतं. 12 ते 2 मध्येच जेवून घ्या, त्यानंतर लहान गावात स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारी आणि सोमवारी दुकानंही बहुतेक बंद असतात, शनिवारी फळं घेऊन ठेवा.

शुद्धमती
कुट्टू आपल्याकडे उपासाला चालत नाही. तो उत्तरेकडचा प्रकार.

दुपारची झोप
विठोबा मायेनला बघायला येत नाही.

शुद्धमती
प्रश्न विठोबाचा नाही, पिठाचा आहे.

इतिहासाचे पान
वरईसुद्धा काही घरांत चालत नाही. यावर वेगळा धागा काढतो.

कृष्णाकाठ
लाव्हालला चार रात्री आणि शातो-गोन्तिएला तीन रात्री घेतल्या. 14 जुलैच्या सुट्टीमुळे मधली एक रात्र मिळता मिळेना. शेवटी सायकलवाल्यांसाठी 'आक्यय व्हेलो' ची पाटी असलेल्या एका घरात जागा मिळाली. सायकली आत ठेवायची सोय आणि दुरुस्तीची अवजारंही आहेत म्हणे. सगळ्यांचे आभार, पंक्चरवाला यांचे जास्त.
बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ते विचारताहेत, वाटेत कुठे हवा भरायला मिळते का, आणि किती पैसे घेतात.