शरभ किती खातो? (कादंबरीसाठी, लवकर मदत हवी आहे)

अडकलेला_लेखक: फॅन्टसी कादंबरी लिहितोय, एका दरीत शरभ (पुराणातला सिंहासारखा काल्पनिक प्राणी) राहतो, तिथेच हत्तींचे कळप आहेत आणि तो हत्ती खातो. वाचणाऱ्या मित्राने विचारलं मग हत्ती संपत कसे नाहीत, झालं, तेव्हापासून पुढचं सुचतच नाहीये. उद्या रात्री भाग टाकायचाय. शरभाने किती दिवसांनी एक हत्ती मारला तर पटेल? फक्त आकडा हवाय. "तुझी कथा, तूच ठरव" प्लीज नको.

रानवाटा: केवढा आहे? एकच की जोडी? उडतो का? दरी केवढी?

अडकलेला_लेखक: शरभ म्हणजे शरभ हो, किल्ल्यांच्या दरवाजांवर असतो तसा.

टवाळ: तिथे त्याच्या पंजात हत्ती उंदराएवढे दिसतात. दुपारपर्यंत दरी साफ.

पोथीवाला: मुळात पाय किती दिलेत? शांतिपर्वात तो ऋषी कुत्र्याला बढती देत देत शेवटी शरभ करतो, तिथे आठ पाय आणि वर वळलेले डोळे असं वर्णन आहे.

अडकलेला_लेखक: चार. पायांचं विचारलंच नाहीये.

पोथीवाला: मग त्याला शरभ कशाला म्हणताय?

रानवाटा: शिल्पांत चारच असतात बऱ्याचदा, सोडा हो. वाघाचा हिशोब बघा. एका वाघाला वर्षाला साधारण ५० हरणाएवढी जनावरं लागतात, आणि ती संपू नयेत म्हणून जंगलात ५०० तरी असावी लागतात, म्हणजे दहातलं एक. हत्तीला हे चालणार नाही. २२ महिने पोटात, मग पुढच्या पिल्लाला चार-पाच वर्षं, त्यामुळे कळप फार तर ५-७ टक्क्यांनी वाढतो. महिन्याला एक मारला तर वर्षाला १२, त्यासाठी २५० हत्ती हवेत. आणि एक मोठा हत्ती रोज दीडशे किलोच्या आसपास पाला खातो, तेव्हा दरी नाही, मुलूखच लागेल.

सुसर: एवढी आकडेमोड कशाला, थंड रक्ताचा करा. मगर महिनोन्महिने न खाता राहते. माझ्या गोष्टीतला जलराक्षस वर्षातून एकदाच जेवतो, कोणी काही विचारलं नाही.

रानवाटा: सिंहाचं अंग, मानेवर आयाळ, आणि थंड रक्त? केस कशासाठी मग?

सुसर: शोभेला. नाहीतर हिवाळाभर झोपवा अस्वलासारखा.

अडकलेला_लेखक: हिवाळा नाहीये, दरीत बारा महिने पाऊस असतो.

रानवाटा: हे आत्ता सांगताय?

गगनभेदी: उडण्याबद्दल माझं मत. क्वेत्झलकोअ‍ॅटलस नावाचा उडणारा सरीसृप होता, पंखांचा पसारा १० मीटरच्या आसपास आणि वजन अंदाजे २००-२५० किलो. त्याहून फार जड काही उडालेलं माहीत नाही, त्यामुळे हत्ती घेऊन उडणं विसरा.

अडकलेला_लेखक: उडत नाही!!

टवाळ: जादू आहे म्हणा, मोकळे व्हा.

रानवाटा: जादू म्हटलं की मित्र दुसरं काहीतरी काढणार. त्यापेक्षा धडधाकट हत्तींवर जाऊच देऊ नका. वाघ-सिंहसुद्धा हत्तीवर गेले तर बहुतेक पिल्लावरच जातात, मोठ्याच्या नादी लागून पाय मोडून घेणं परवडत नाही. तुमचा शरभ मेलेले, म्हातारे, चिखलात रुतलेले खाऊ दे, पाऊस आहेच म्हणताय तर चिखल भरपूर असणार. तसेही मरणारेच ते, मग महिन्याला एक आरामात खपेल. आणि हत्ती त्याला घाबरून एका जागी थांबणार नाहीत, त्यामुळे झाडंही वाचतील.

सुसर: म्हणजे गिधाडच केलंत त्याचं.

रानवाटा: सिंहही आयतं मिळालं तर सोडत नाही.

अडकलेला_लेखक: हे आवडलं, चिखल तर आहेच पाचव्या प्रकरणात. महिन्याला एक लिहितो. फक्त मादीपण आहे, आणि सातव्यात पिल्लू होतं. तिघांना मिळून किती धरू?

रानवाटा: तिघं???

पोथीवाला: पिल्लाला तरी आठ पाय द्या.