जुन्या झेनचा पार्किंग लाईटचा फ्यूज सारखा उडतोय, फोंड्याजवळ चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सुचवा

बांदोडेकर_झेन:
नमस्कार मंडळी. गाडी मारुती झेन, २००२ची, जीए ०५ पासिंग, सेकंड हँड घेतलेली. पाऊस लागल्यापासून एकच कटकट. पार्किंग लाईट लावले की कधी लगेच, कधी बोरीचा पूल ओलांडल्यावर फ्यूज उडतो. मागचे दिवे आणि मीटरचे दिवे एकदम जातात. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाईट सगळं ठीक. फ्यूज १० अँपियरचा, लाल. एका गॅरेजवाल्याने पाणी गेलंय म्हणत मागचे होल्डर बदलले, फरक शून्य. दुसरा म्हणतो पूर्ण वायरिंग बदला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी गाडीचाच भाव काढायला बसलो. रोज वेर्ण्याला जातो. संध्याकाळी भर पावसात मागचे दिवे नसले तर मागून कोण कधी ठोकेल सांगता येत नाही. फोंडा-मडगाव पट्ट्यात जुन्या गाडीचं काम शांतपणे करणारा कोणी माहीत आहे का? घरी काही तपासता येत असेल तर तेही सांगा. मल्टीमीटर आहे, वापरता जेमतेम येतो.

वास्को_किनारा:
अर्थ पॉइंट, म्हणजे निगेटिव्ह तार बॉडीला कसतात ती जागा, बघा आधी. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने डिकीतले अर्थचे स्क्रू पार गंजून जातात. सँडपेपर मारून ग्रीस लावा, सुटेल.

स्वस्त_उपाय:
२०चा पिवळा फ्यूज टाका आणि विसरा. माझ्या ओम्नीत कितीतरी वर्षं तसाच आहे.

मीटरवाला:
@स्वस्त_उपाय, हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. पार्किंग लाईटची तार बारीक असते. २०चा फ्यूज तग धरतो आणि डॅशबोर्डमागे तारेचं प्लास्टिक वितळायला लागतं. शेजारच्या तारा त्याला चिकटल्या की एका शॉर्टचे चार होतात. आग लागते ती अशीच.

@वास्को_किनारा, अर्थ साफ करणं केव्हाही चांगलं, पण हा तो आजार नव्हे. अर्थ खराब असेल तर दिवा मंद होतो, किंवा ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. फ्यूज उडत नाही. इथे हिशोब करून बघा. चार कोपऱ्यांचे पाच-पाच वॅटचे बल्ब, नंबर प्लेटचा दिवा, मीटरचे बारीक दिवे, सगळं मिळून चाळीस वॅटच्या आसपास. १२ व्होल्टला साडेतीन अँपियरही होत नाहीत. मग १०चा फ्यूज उडतो तो तांबं कुठेतरी थेट बॉडीला लागतंय म्हणूनच.

बांदोडेकर, फ्यूज जाळत बसू नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, एक होल्डर आणि दोन तारा घ्या. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत या तारा बसवा. पुढचे-मागचे पार्किंगचे आणि नंबर प्लेटचे बल्ब काढून ठेवा आणि स्विच लावा. शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटेल. नसेल तर मीटरच्या दिव्यांपुरता मंद. फायदा असा की शॉर्ट असला तरी करंट पावणेदोन अँपियरच्या वर जात नाही, तार तापत नाही, आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ शोधता येतं.

मग गाडीचे दोन भाग करा. मागे जाणाऱ्या हार्नेसचा (तारांच्या जुडग्याचा) कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, सोडवा. बल्ब मंदावला तर दोष मागे, लख्खच राहिला तर पुढे. हे केल्याशिवाय आतलं एकही प्लास्टिकचं आवरण उघडू नका. तुमचा शॉर्ट येऊन-जाऊन आहे, म्हणून एकाने बल्बकडे बघत बसायचं आणि दुसऱ्याने हार्नेस जागोजागी हलवायचा, डॅशबोर्डवर थापा मारायच्या.

मल्टीमीटरचा बीप मात्र फसवेल. थंड बल्बच्या फिलामेंटचा रोध काही ओहमच असतो, त्यामुळे एखादा बल्ब चुकून राहिला तरी मीटर ओरडतो आणि आपण नसलेला शॉर्ट शोधत फिरतो.

कुळागरातली:
गाडी कुठे उभी करता? आमची पोफळींच्या कडेला असायची, उंदरांनी बॉनेटखालची वायर कुरतडली होती. लेंड्या दिसतात का बघा.

बांदोडेकर_झेन:
घरामागे कुळागर, पोफळीची बाग, आहेच. बॉनेट उघडून पाहिलं, कुरतडल्याची खूण नाही.

फियाटप्रेमी:
डिकीच्या झाकणाकडे जाणारा रबरी पाइप सरकवून आतल्या तारा बघा. उघडझाप करून हॅचबॅकमध्ये तिथे तारा तुटतात. शिवाय मागे बल्ब कोणते आहेत? टेल-ब्रेकचा २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब लागतो. त्याच्या पिना वर-खाली असतात. तिथे एक फिलामेंटवाला कोंबून बसवला तर दोन सर्किटं एकमेकांना चिकटतात. (माझ्या पद्मिनीत ही भानगडच नाही, तिथे फ्यूजच धड बसत नाहीत. असो.)

साखळीकर:
एक शंका. पावसाआधी दिवसा लाईट लावत होता का?

बांदोडेकर_झेन:
नाही. उन्हाळ्यात उजेडातच घरी पोचतो. का?

साखळीकर:
मग पाण्याचा संबंध असेलच असं नाही. पावसात अंधारून येतं म्हणून तुम्ही लाईट लावता, आणि स्विच लागल्यावरच त्या तारेत करंट येतो. शॉर्ट मार्चमध्येही असू शकेल. कधी कधी लगेच न उडता रस्त्यात उडतो, म्हणजे खड्ड्यांत काहीतरी हलून लागतंय. माझा संशय डॅशबोर्डवर. आधीच्या मालकाने काय काय बसवलं होतं?

बांदोडेकर_झेन:
स्टिरिओ बदललेला दिसतो. फॉग लॅम्पचा स्विच आहे, लॅम्प नाहीत. रविवारी भावाला घेऊन बसतो.

बांदोडेकर_झेन:
सापडला! मीटरवाल्यांनी सांगितलं तसा बल्ब जोडला. आधी मंदच होता. स्टिरिओच्या बाजूला थाप मारली आणि लख्ख पेटला. मागचा कपलर सोडवला तरी लख्खच, म्हणजे मागचे होल्डर उगाच बदलले गेले. स्टिरिओ बाहेर ओढला तर मागे एक तार लोंबकळत होती. जुन्या टेपचा दिवा लागावा म्हणून पार्किंग लाईटच्या तारेला जोड मारून घेतलेली. टेप गेला, तार राहिली. टोकाची चिकटपट्टी उन्हाने वितळून सरकली होती आणि उघडं तांबं लोखंडी पट्टीला घासत होतं. तार बाजूला धरली की बल्ब परत मंद. आता टोकाला नवी टेप मारू की तार कापू?

मीटरवाला:
टोकाला टेप नको, दोन उन्हाळ्यांत परत तेच. जोड जिथे मारलाय तिथूनच ती तार काढून टाका. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. मूळ तारेचं प्लास्टिक तिथे सोललेलं असेल. मूळ तार तिथे तोडून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) सरकवा, सोल्डर करा, स्लीव्ह गरम करून बसवा. मग लाल १०चाच फ्यूज. आणि त्या फॉग लॅम्पच्या तारा बंपरमागे कुठे संपतात तेही बघा. बॅटरीवरून थेट घेतल्या असतील तर तिथे फ्यूजसुद्धा नसेल.

बांदोडेकर_झेन:
देव बरे करो सगळ्यांचं. पार्किंगची तार मी करतो, फॉग लॅम्पच्या तारांना हात लावायचं धाडस नाही. इलेक्ट्रिशियन अजून हवाच आहे.

साखळीकर:
आमच्या बाजूला एक आहेत. खाणींच्या ट्रकांचं वायरिंग करायचे; २०१२ला खाणी बंद पडल्यावर गाड्यांकडे वळले. आधी टेस्ट लॅम्प काढतात, मग तोंड उघडतात. फोंड्याहून लांब पडेल, पण अख्खी वायरिंग बदला म्हणणारा हा माणूस नव्हे. नंबर खाजगी निरोपात पाठवलाय. सकाळीच जा, जेवणानंतर दोन तास शटर खाली असतं.