‘येअ’ आणि ‘येय’ : होकार कोणता आणि आनंद कोणता?

प्रश्न
नमस्कार. माझी भाची कॅनडात शिकते. तिच्या संदेशांत कधी वाय-ई-ए-एच असे लिहिलेले असते, तर कधी वाय-ए-वाय. ‘रविवारी फोन करू का?’ या माझ्या प्रश्नाला परवा तिने दुसऱ्या शब्दाने उत्तर दिले. ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत का?

प्रतिसाद १
नाही, हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘येअ’ हे ‘येस’चे बोलण्यातले सैल रूप असून त्याच्या शेवटी निसटता ‘अ’ ऐकू येतो. ‘येय’ मात्र आनंदाचा उद्गार आहे. ‘जेवलीस का?’ या प्रश्नाला ‘येअ’ हेच उत्तर शोभते, आणि परीक्षेत पास झाल्याची बातमी आली की ‘येय’ म्हणतात. मराठीत जिथे ‘हो’ बसते तिथे पहिला आणि जिथे ‘अरे वा!’ बसते तिथे दुसरा, असे ताडून पाहावे. आपल्या भाचीला फोनच्या कल्पनेने आनंद झाला आहे. होकार त्यात आलाच, पण तो त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे.

प्रतिसाद २
घोटाळ्याचे खरे मूळ तिसऱ्या शब्दात आहे. वाय-ई-ए या अक्षरांच्या जुन्या शब्दाचा उच्चार ‘येय’ असाच होतो, पण अर्थ मात्र ‘होय’ असा आहे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये तो जागोजागी आढळतो, आणि अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये ठरावाच्या बाजूचे मत आजही याच शब्दाने नोंदवले जाते. विरोधी मताला ‘ने’ म्हणतात. आपल्या लोकसभेत ब्रिटिश प्रथेप्रमाणे ‘आय’ आणि ‘नो’ म्हणतात, त्यामुळे हा शब्द आपल्या कानावर फारसा पडत नाही. गप्पांमध्ये ‘येअ’ लिहिताना शेवटचा एच गाळला, तर नेमका हा जुना शब्द तयार होतो, म्हणून ते अक्षर टाळू नये.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. सुराविषयी थोडे लिहितो. ‘येअ’ लागोपाठ दोनदा आला, तर आपल्या ‘हो हो, कळलं’सारखा कंटाळा किंवा अविश्वास त्यातून व्यक्त होऊ शकतो, आणि ‘येअ, राइट’ याचा अर्थ अनेकदा ‘काहीतरीच काय’ असा असतो. म्हणून वरिष्ठांना पाठवायच्या पत्रात सरळ ‘येस’ लिहिणेच मला योग्य वाटते.