खर्पुडीचे कंद काढून परसात लावावेत काय?

माळकरी
खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वरच्या अंगाला आमचं वडिलार्जित गवताचं रान आहे. तिथं कातळाच्या कडेनं गणपतीच्या दिवसांत खर्पुडी, म्हणजे कंदाचा रानवेल, फुलते. आता बाजूचं रान विकलं गेलंय, बुलडोझर फिरायला लागलाय. त्या रानातही वेल आहेत. गुरांकडची पोरं कंद उकरून खातात ते वेगळंच. आमच्याकडची ही फुलं संपायला नको आहेत मला. सगळेच कंद काढून परसात लावले तर जगतील काय ओ?

चंदगडचा_पाऊस
आणा की सरळ. माझ्याकडं कुंडीत एक वेल आहे, दरसाल फुलतो.

रानबाई
चंदगडकर, तुमच्या वेलाला शेंग कधी धरली काय? नसणार. खर्पुडीच्या वरच्या पाकळ्या टोकाशी जुळून पिंजरा होतो. त्याच्या फटींतून बारीक चिलट आत शिरतं आणि नळीतून खाली घसरतं. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळं वर येता येत नाही. केस सुकल्यावर ते सुटतं, तेव्हा तोंडाला परागाची पुडी चिकटलेली असते. ही पुडी दुसऱ्या वेलाच्या फुलात पोचली तर शेंग. एकट्या वेलाला कुठलं आलंय हे?

माळकरी दादा, तुमच्या रानातल्या कंदांना हात लावू नका. बाजूचे मात्र मालकाला विचारून जरूर वाचवा. वेलाच्या बुडाशी आत्ताच दगड मांडून खूण करा, कारण वेल वाळला की कंद सापडत नाही. वाळल्यावर ढेकळासकट काढा आणि तुमच्याच कातळाकडेला लावा, परसात नको. बुलडोझर थांबणार नसेल तर आजच काढा.

सह्याद्रीतल्या कितीतरी खर्पुड्या जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी त्या जमवून वाढवल्यात. जात ओळखायला तिथं फोटो पाठवा.

माळकरी
बाजूच्या मालकाशी उद्याच बोलतो. आमची गवतकापणी दसरा झाला की लगेच असते. तोवर शेंगा होतात काय?

रानबाई
बहुतेक हिरव्याच असतात आणि भाऱ्यात बांधून गोठ्यात जातात. पोरांच्या उकरण्यापेक्षा मला या विळ्याचीच जास्त धास्ती वाटते. कातळाकडेचा तेवढा पट्टा दिवाळी सरून शेंगा तडकेपर्यंत राखा. कापणाऱ्या बायकांना वेल स्वतः दाखवा, निरोपावर सोडू नका. शिंगांसारख्या जोडशेंगा असतात. एखाद्या जोडीला मलमलचं फडकं सैल बांधलंत तर बी हाताला लागेल. रुईसारखाच कापूस असतो त्याला, नाहीतर वाऱ्यावर जातं. पावसाच्या तोंडाला ते तिथंच कपारीतल्या मातीत टाका.

आणि वरच्या पोस्टमधलं गावाचं नाव तेवढं काढा. कंद गोळा करणारे लोकही इथं वाचतात.