स्टेपनी होती, पण तिच्यातच हवा नव्हती

नवशिकी:

नमस्कार मंडळी. विचारायला जरा लाज वाटतेय, पण विचारतेच.

लायसन्स काढून तीन वर्षं झाली, गाडी रोज चालवायला लागून मात्र जेमतेम सात महिने. गुरुवारी संध्याकाळी परत येताना स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं आणि खालून थप थप आवाज. बाजूला घेऊन बघते तर पुढचं डावं चाक रिमवर बसलेलं. हँडब्रेक ओढला, मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, जॅक लावून गाडी उचलली आणि नट फिरवायला गेले तर नटाबरोबर अख्खं चाकच गोल फिरायला लागलं! गाडी परत खाली घेतली. चारपैकी तीन नट कसेबसे सुटले. चौथ्यावर मी उभी राहिले, तरी ढिम्म. माझं वजन ५१ किलो. शेवटी एक ट्रकवाले थांबले, त्यांनी पान्याच्या दांड्यात एक पाइप घातला आणि एका झटक्यात तो सोडवला.

मग स्टेपनी लावली, गाडी खाली उतरवली, आणि ती स्टेपनीसुद्धा अर्धी बसली. ट्रकवाले आधी हसले, मग मला वाईट वाटेल म्हणून गप्प झाले. या सगळ्यात दोन तास गेले.

मला मेकॅनिक व्हायचं नाही. पण रस्त्यावर अडकल्यावर निदान काय काय स्वतःला जमायला हवं, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे कुणी नीट सांगेल का?

आयतोबा:

एवढा खटाटोप कशाला? रस्त्यावरच्या मदतीचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा, गाडीत बसून गाणी ऐका. मी आजवर एकही नट फिरवलेला नाही.

तेलकट हात:

ताई, लाजू नका. सव्वीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली, आता हाताखालची पोरं बघतात आणि मी खुर्चीत बसून चुका काढतो. स्टेपनी मेलेली निघणं ही फार जुनी गोष्ट आहे. चार चाकांत सगळे हवा भरतात, पाचवं डिकीत पडून राहतं आणि हवा हळूहळू आपली आपण उतरत जाते. तिच्यात नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्तच भरून ठेवा, लावल्यावर कमी करता येते. तुमची स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर मात्र तिचा हिशोब वेगळा. तिच्यात बहुतेक ६० पीएसआय लागते आणि ताशी ८०च्या वर ती चालवायची नाही. दोन्ही गोष्टी तिच्यावरच छापलेल्या असतात.

चाक का फिरलं ते सांगतो. गाडी न्यूट्रलमध्ये असणार. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे पुढचं चाक हवेत गेलं की त्याला धरून ठेवायला कुणीच नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), आणि नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. काढायचे नाहीत, अर्धा आटा फक्त. मग जॅक.

आता त्या चौथ्या नटाचं. तुमचं काही चुकलं नाही, ज्याने आधी टायर बदलला त्याने हवेच्या गनने ठोकून बसवला असणार. बऱ्याच लहान गाड्यांना नट साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. १०० न्यूटन-मीटर म्हणजे २५ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर ४० किलो वजन टाकणं. म्हणजे तुमचे ५१ किलो भरपूर झाले! गनवाला याच्या दुप्पट सहज आवळतो, तिथे लांब दांडा हवा. पाना ५० सेंटीमीटरचा घेतलात की तेच ५१ किलो दुप्पट काम करतात. लांब दांड्याचा पाना विकत घ्या आणि डिकीत टाका. ट्रकवाले दर वेळी येणार नाहीत.

पाना कसा धरायचा हेही बघून ठेवा. चाकाकडे तोंड करून बसलात की सोडताना दांडा डाव्या हाताला आडवा, आवळताना उजव्या हाताला आडवा. दोन्ही वेळा दाब खालीच द्यायचा. म्हणजे 'उलटं की सुलटं' हा गोंधळच होत नाही आणि कंबरही वाचते. पायाने दाबायचं असेल तर टाच ठेवून हळूहळू वजन द्या, उड्या मारू नका. पाना सटकला की नडगी फुटते, माझी दोनदा फुटलीय.

जॅक सपाट, टणक जमिनीवरच. दाराखालच्या पट्टीवर चाकाजवळ दोन खाचा असतात, जॅकचं डोकं त्यांच्यामध्ये. दुसरीकडे लावलात तर पत्रा आत जातो. गाडीत माणूस नको. आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या पायावर नाही.

नवं चाक लावताना नटाची निमुळती बाजू रिमकडे. आधी सगळे नट हाताने, बोटांनीच फिरवायचे. पाना लावून सुरुवात केली की आटे चुकतात आणि मग ते काम माझ्याकडे येतं. चाक नीट टेकलं की गाडी खाली घ्या आणि मग शेवटचं आवळणं, समोरासमोरचे नट आळीपाळीने. ओळीने आवळले तर रिम एका बाजूला झुकून बसते. आटे सोपे फिरावेत म्हणून नटांना तेल लावू नका, तेवढ्याच जोरात ते जास्त आवळले जातात. ५०-१०० किलोमीटर चालवून झाल्यावर एकदा पुन्हा तपासा.

आणि कधी टायरमध्ये खिळा दिसला, पण हवा टिकून असेल, तर तो उपटू नका! ट्यूबलेस टायरमध्ये तो खिळाच बूच असतो. हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जा. छेद टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर मात्र तो टायर गेला, तिथे पंक्चर काढून घेऊ नका.

बाकी बॅटरी आणि इंजिन तापणं, जेवून येऊन लिहितो.

रात्रपाळी:

तेलकट हात, सगळं बरोबर, पण तुम्ही नटापासून सुरुवात केलीत. मी रात्रीचा गाडी चालवणारा माणूस, मी उभं कुठे राहायचं इथून सुरुवात करतो.

ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. लाल त्रिकोण गाडीच्या ५० मीटर मागे ठेवलात तर मागून येणाऱ्याला तो ओलांडल्यावर दोन सेकंद मिळतात. लोक तो डिकीला टेकवून ठेवतात, म्हणजे शून्य. भरधाव रस्त्यावर तेवढं मागे चालत जाणंच धोक्याचं वाटलं तर त्रिकोणाचा नाद सोडा. सगळे इंडिकेटर चालू करा, रहदारीपासून लांबच्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे जाऊन उभे राहा. पंक्चर रस्त्याच्या बाजूच्या चाकाचं असेल आणि जागा अरुंद असेल, तर चाक बदलायचंच नाही. रिम खराब झाली तरी चालेल, हळूहळू पुढे मोकळ्या जागेपर्यंत न्या. त्या बाबतीत आयतोबा बरोबर आहेत, तिथे फोनच करायचा. फक्त गाडीत बसून गाणी ऐकायची नाहीत.

आणि डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. मोबाइल दातात धरून नट सोडवून बघितलाय, शेवटी लाळेने स्क्रीन चालेना.

तेलकट हात:

रात्रपाळी, मान्य. कान पकडले.

आता बॅटरी. किल्ली फिरवली आणि 'टकटकटकटक' असा भरभर आवाज आला, दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय. एकदाच 'टक' आणि दिवे लख्ख, तर संशय स्टार्टरवर, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरवर. पण कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने फिरलं तर ते सैल आहे, बॅटरी बिचारी ठीक असेल. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने धुवायची. टर्मिनल काढताना आधी वजा, लावताना वजा शेवटी. घरात मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १४ दिसले नाहीत तर दोष चार्जिंगचा आहे. नवी बॅटरी घालून पैसे घालवू नका.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची तर क्रम पाठच करा. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्याच्या वजाला, आणि शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला नाही, तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. काढताना बरोबर उलटा क्रम. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत आधी पुस्तक वाचा, आणि नारिंगी वायर दिसली की हात मागे. त्यांच्यातून उच्च दाबाची वीज जाते.

तापण्याचं मात्र सावकाश सांगतो, कारण माझ्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जो गुळगुळीत चट्टा आहे तो याचाच. शिकाऊ होतो. तापमानाचा काटा लालवर गेलेली गाडी आली, उस्तादांनी सांगितलं 'थांब', आणि मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकाच क्षणी उकळतं. पाण्याचा खांबच वर आला. फडकं कुठे गेलं ते आजपर्यंत सापडलं नाही.

तर काटा चढायला लागला की एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू. चेष्टा नाही करत, हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. घाम फुटेल, फुटू दे. तरीही काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद आणि किमान अर्धा तास कशाला हात नाही. पंख्याच्या जवळ बोटं नकोत, बंद इंजिनातही तो अचानक फिरतो. पूर्ण गार झाल्यावर बाजूच्या पारदर्शक डब्यातली पातळी बघा. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नसेल तर साधं पाणी चालेल, पण ते नड भागवण्यापुरतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातू तडकतो.

आणि हात लावायचा नाही ते कशाला? लाल रंगाचा तेलाच्या किटलीचा दिवा लागला तर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. तो दिवा तेलाची पातळी सांगत नाही, दाब सांगतो, आणि दाब नसेल तर इंजिन काही मिनिटांत कायमचं जाम होतं. ब्रेकचं पेडल मऊ लागून खाली जात असेल, पेट्रोलचा वास येत असेल, किंवा चुकीचं इंधन भरलं असेल, तर किल्लीच फिरवू नका. उडालेला फ्यूज बदला, पण तेवढ्याच अँपिअरचा. १० चा लाल असतो, १५ चा निळा, २० चा पिवळा. लालच्या जागी पिवळा घातला की फ्यूज टिकतो आणि वायर जळते.

आयतोबा:

हीटरचं माहीत नव्हतं. बाकी मी फोनच करणार.

नवशिकी:

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी इमारतीखाली सपाट जागी एकटीने चाक काढून परत लावलं. काही शोध लागले.

जॅक डिकीत नव्हताच, सीटखाली होता. गुरुवारी तो ट्रकवाल्यांनी शोधून दिला होता आणि नंतर मी विसरले. एका चाकाला तर चोर लागू नये म्हणून वेगळा लॉक नट आहे आणि त्याची टोपी, जी लावल्याशिवाय तो सुटत नाही, डॅशबोर्डच्या खणात, सात महिन्यांच्या पावत्यांखाली. तो नट जर गुरुवारच्या चाकावर असता तर मी अजून तिथेच असते. स्टेपनीत हवा मोजली तर ९ पीएसआय. मागच्या चाकाचे नट सुटले, पण चाक हबला (ज्या भागावर ते बसतं त्याला) गंजून चिकटलेलं, निघेना. मग नट हाताने थोडे परत लावले, गाडी खाली घेतली आणि टायरला कडेने दोन लाथा मारल्या. फट् करून सुटलं. इतका आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

पहिल्यांदा ४१ मिनिटं, दुसऱ्यांदा १९. शेजारचे आजोबा दोन्ही वेळा गॅलरीतून बघत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी खाली येऊन विचारलं, "आमच्या गाडीचंही बघाल का?"

एक शंका उरलीय. ऑइलची पट्टी बाहेर काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय. जास्त असलेलं चांगलंच ना?

तेलकट हात:

नाही, चांगलं नाही. पण आधी सांगा, गाडी आत्ताच बंद केली होती का, आणि पट्टी पुसून पुन्हा बुडवली होती का? इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, मग दुसऱ्यांदा काढून वाचा. पहिल्या वेळचं वाचन नळीला लागलेल्या तेलामुळे फसवं असतं. तरीही खुणेच्या वर असेल तर आतला क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) तेल घुसळून फेस करतो, आणि फेस इंजिनला वंगण देत नाही. जिथे भरलं तिथे जाऊन जास्तीचं काढून घ्या. रंग दुधाळ, चहासारखा दिसला तर मात्र गाडी चालवत नेऊ नका, तेलात कूलंट मिसळलंय.

आणि गंजलेल्या हबवर तारेचा ब्रश फिरवलात का चाक लावण्याआधी? नसेल तर पुढच्या रविवारी.