मदत हवी आहे: एफएम रेडिओवर विमानांचं बोलणं – खरखर दबते, पण आवाज येत नाही

खरखर०७:
नमस्कार मंडळी. मुक्काम एलिझाबेथ, न्यू जर्सी. नेवार्क विमानतळ हाकेच्या अंतरावर. लेकीसोबत घरच्या घरी विमानांचं संभाषण ऐकायचा रिसिव्हर करायचा आहे, बजेट ३० डॉलरच्या आसपास.

काट्याचा साधा एफएम रेडिओ उघडला. आत सीएक्सए१६१९ आयसी आणि १०.७ मेगाहर्ट्झचा तीन पायांचा सिरॅमिक फिल्टर आहे. ऑसिलेटर कॉइलचे वेढे फाकवले. आता डायलच्या वरच्या टोकाला एकही स्टेशन नाही, नुसती खरखर. विमान जवळ असलं की ती खरखर काही सेकंद एकदम दबते, मग पुन्हा सुरू. शब्द मात्र एकही नाही. वेढे आणखी फाकवू का? की हे सोडून एका ट्रान्झिस्टरचं सुपररीजनरेटिव्ह सर्किट करू?

ट्रिमर:
कॉइलला आता हात लावू नका, ती जागेवर आली आहे. खरखर दबते त्या क्षणी पायलट बोलतोय. त्याची वाहक लहर (जिच्यावर आवाज लादलेला असतो ती) तुमच्या रेडिओपर्यंत पोचते आहे, शब्द पुढे डिटेक्टरमध्ये, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागात हरवतात.

विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि ते एएम असतं, एफएम नव्हे. त्यामागे कारण आहे. दोघं एकाच वेळी बोलले तर एएमवर शिट्टी किंवा गोंधळ ऐकू येतो, कंट्रोलरला लगेच कळतं. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुसऱ्याला पूर्ण गिळतो. तुमच्या आयसीत डिटेक्टरच्या आधी लिमिटर आहे आणि त्याचं कामच मुळी लहरीची उंची छाटून सपाट करणं. एएममध्ये आवाज त्या उंचीतच असतो. म्हणून विमान जितकं जवळ तितकी शांतता जास्त. लांबच्या, कमजोर सिग्नलवर लिमिटर पुरता भरत नाही, तेव्हा कधी फाटका आवाज निसटतो.

दुरुस्ती करता येते: सिरॅमिक फिल्टरच्या बाहेरच्या पायावरून १० पिकोफॅरडच्या कपॅसिटरने सिग्नल काढायचा, १०.७ वर दोन ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा आणि मग डायोड. तिथे सिग्नल फार बारीक असतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर गाळून थेट डायोड लावला तर काहीही ऐकू येणार नाही. शिवाय एवढ्या गेनवर (सिग्नल इतक्या पटीने वाढवल्यावर) दोन टप्पे एकमेकांना धरून शिट्टी मारतात. पहिल्याच प्रकल्पाला हे मी सुचवणार नाही.

डागकाम:
सुपररीजनरेटिव्ह कृपया नको. तो रिसिव्हर म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर धडधडणारा ऑसिलेटर असतो. अँटेना थेट जोडली की तो छोटा ट्रान्समीटर होतो, तोही धावपट्टीशेजारी, विमानांच्याच बँडमध्ये. मध्ये बफर टप्पा टाकून गळती कमी होते, पण किती कमी झाली हे मोजायला घरी साधन नसतं.

अमेरिकेत विमानांचं संभाषण ऐकायला १९८६ च्या संघीय कायद्यात स्पष्ट मोकळीक आहे, तेव्हा ऐकण्याची काळजी नको. प्रसारण मात्र होता कामा नये. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिथे १९३३ च्या कायद्यापासून वायरलेस उपकरण नुसतं बाळगायलाही परवाना लागत आला आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी परवानगीची अट आहे. हे पाहूनच सुट्या भागांना हात घाला.

तुम्ही इतके जवळ आहात की क्रिस्टल रेडिओचाच (नुसत्या कॉइल-डायोडवर चालणाऱ्या रेडिओचा) भाऊ चालेल. यात ऑसिलेटरच नाही, त्यामुळे बाहेर काहीही जात नाही. १ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ६.५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर ५ वेढे गुंडाळा, लांबी ८ मिलिमीटर ठेवा. समांतर ३ ते २० पिकोफॅरडचा ट्रिमर (पेच फिरवून बदलता येणारा कपॅसिटर). कॉइलचं एक टोक जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला (बॅटरीच्या ऋण टोकाला). त्या टोकापासून पहिल्या वेढ्यावर अँटेना, दुसऱ्यावर १एन३४ए जर्मेनियम डायोड. डायोड वरच्या टोकाला लावला तर तो कॉइलवर भार टाकतो आणि ट्यूनिंग पसरट होतं. डायोडनंतर जमिनीकडे ४७० पिकोफॅरड आणि १०० किलोओहम, मग टीएल०७२ या ऑप-अ‍ॅम्प आयसीवर शंभरपट गेन, शेवटी स्पीकर चालवणारा एलएम३८६ आयसी, त्याच्या १ आणि ८ पायांमध्ये १० मायक्रोफॅरड. टीएल०७२ ला ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर चालवताना इनपुटला ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू द्यायला विसरू नका. अँटेना म्हणून ५६ सेंटिमीटरची उभी तार.

कंट्रोलर क्वचितच ऐकू येईल, पायलट येतील. पल्ला दोन-तीन किलोमीटरच धरा.

ट्रिमर:
आणि नुसतं ऐकायचंच असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला यूएसबीने जोडायचा रिसिव्हर. मोड एएम, बँडविड्थ ८ किलोहर्ट्झ, नेवार्क टॉवर ११८.३. ऑटो गेन बंद ठेवा. त्यातला सिग्नलचे आकडे करणारा कन्व्हर्टर जेमतेम ८ बिटचा. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरची एफएम स्टेशनं त्याला भरून टाकतात. गेन वाढवल्यावर खालची खरखर वर येते पण आवाज वाढत नाही, असं दिसलं की गेन उतरवा, नाहीतर ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर लावा.

खरखर०७:
दोघांचेही आभार, खरखर दबण्याचा उलगडा झाला. डायोडवालं सर्किट जोडलं. मागे मंद संगीत वाजतं आणि आवाज वाढवला की फट-फट-फट सुरू होतं.

डागकाम:
फट-फट म्हणजे एलएम३८६ चा झटका बॅटरीच्या तारेतून पहिल्या टप्प्यात परततो आहे. दोन्ही मिळून गेन वीस हजारपट आहे. टीएल०७२ चा पुरवठा १०० ओहममधून घ्या आणि आयसीच्या पायाशीच १०० मायक्रोफॅरड जमिनीला द्या. एलएम३८६ च्या पाय ६ जवळही २२० मायक्रोफॅरड हवा. स्पीकरची जमीन वेगळ्या तारेने थेट बॅटरीला न्या.

संगीत एफएमचं आहे. हा रिसिव्हर काही मेगाहर्ट्झ रुंद ऐकतो, जोरदार स्टेशन बाजूने घुसतंच. त्याच ड्रिल बिटवर १० वेढ्यांची, १३ मिलिमीटर लांब दुसरी कॉइल करा, तिच्याशी मालिकेत ३ ते २० चा ट्रिमर जोडा आणि ही जोडी अँटेना ते जमीन अशी टाका. कॉइल पहिलीशी काटकोनात बसवा, नाहीतर दोघी एकमेकींना ओढतात. प्लास्टिकच्या पेचकसाने ट्रिमर फिरवत संगीत सर्वांत मंद होईल तिथे थांबा. लोखंडी टोकाचा पेचकस पेचावरून काढला की ट्यूनिंग सरकतं. त्यानंतर मुख्य ट्रिमर पुन्हा लावावा लागेल. मोबाइल दूर ठेवा, डायोड त्याचाही गुरगुराट पकडतो. सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात गेलं तर उत्तम.

चाचणी वाऱ्याकडे बघून करा. दक्षिणेचा वारा असला की नेवार्कला २२ नंबरच्या धावपट्ट्या चालतात आणि उडालेली विमानं तुमच्याच बाजूने चढतात. चढताना पायलट टॉवर सोडून डिपार्चरच्या फ्रिक्वेन्सीवर जातात, पण तुमचा रिसिव्हर रुंद असल्याने दोन्ही बहुधा ऐकू येतील. उत्तरेचा वारा असेल तर ४ नंबर चालतो, तेव्हा उतरणारी विमानं दक्षिणेकडून येतात. उतरणारा पायलट एखाद-दोन वाक्यंच बोलतो, तेव्हा जरा धीर धरा.