नुसत्या उन्हाने वळीव येत नाही
बरेच जण म्हणतात की जमीन तापली, गरम हवा वर गेली की वळीव ठरलेलाच. तापणं हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही, नाहीतर चंद्रपूरला ४५ अंशात रोज पाऊस झाला असता. कोरडी हवा वर जाताना किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होते आणि आजूबाजूच्या हवेइतकी गार झाली की थांबते. खरी ताकद बाष्पाची. त्याचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे दमट हवा भोवतालपेक्षा गरमच राहते आणि अजून वर ढकलली जाते, असं करत ढगाचा माथा १२-१५ किमीवर पोचतो, आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून वीज तयार होते.

आमच्या तासगाव भागात एप्रिलमध्ये बेदाणा शेडवर असलं की हे कळतं. कोरडं कडक ऊन असेल तर निवांत, पण सकाळपासून घाम सुकत नसेल आणि दुपारी ढग फुलकोबीसारखे उंच वाढायला लागले की बेदाण्यावर ताडपत्र्या टाकायच्या आणि रानातली, झाडाखालची माणसं पक्क्या घरात बोलवायची. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप पण घेऊन ठेवा, जवळपास विजेचा धोका असेल तर सांगतं.